गावठाणात शिरायचे शंभर रुपये

शंभर रुपये घेऊन आम्ही गाड्या गावात सोडायचो, त्या दिवसांविषयी मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. पोलिसांना सांगितलं ते खोटं होतं, घरात सांगितलं ते अर्धं होतं, आणि ज्यांना सगळं सांगायला हवं होतं त्यांच्यासमोर तोंड उघडायला मला दीड वर्ष लागलं.

आमच्या गावाला रस्ता एकच. लोणावळ्याचा बाजार मागे टाकून वळणं घेत वर चढलं की आधी माळ लागतो, मग गावठाण, आणि गावठाणाच्या पलीकडे कडा. कड्यावरून खालचं कोकण दिसतं, ते बघायला लोक येतात. गावठाणातला रस्ता बैलगाडीच्या मापाचा आहे. दोन्ही अंगांना घरांचे ओटे, मध्ये मारुतीचं देऊळ, आणि देवळापाशी तर एका वेळी एकच चारचाकी कशीबशी निघते. मी कार्ल्याहून लग्न होऊन आले तेव्हा त्या रस्त्यावर आम्ही चादरी अंथरून भात वाळत घालायचो. बघता बघता असे दिवस आले की शनिवार-रविवारी ओट्यावरून पाय खाली ठेवला तर तो कुणाच्या तरी गाडीच्या आरशाला लागायचा. एसटी सुट्टीच्या दिवशी वर यायची बंद झाली. दळण आणायचं ते शुक्रवारीच आणून ठेवायचं, असं झालं.

तरी गाव गप्प होतं, कारण अर्ध्या गावाचं पोट त्याच लोकांवर. कुणी बंगले राखतो, कुणी भजी तळतो, कुणी तंबू लावतो. मग आमच्या आळीतले एक आबा वारले. रविवार होता, सकाळचे अकरा. स्मशान गावठाणाच्या त्या टोकाला, ओढ्याकाठी. आम्ही बाया ओट्यावर उभ्या होतो. तिरडी देवळापाशी पोहोचली आणि तिथेच अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या. खांदेकरी आडवे होऊन दोन गाड्यांमधून निघाले, दोन ठिकाणी त्यांनी तिरडी गाड्यांच्या टपावरून उचलून धरली. मागे कुणीतरी, ज्याला पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं, सारखा हॉर्न दाबत होता. आबांचा मुलगा पुढे मडकं घेऊन होता. निखाऱ्याचं मडकं, दोरीला लोंबतं. ते कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून त्याने ते पोटाशी धरलं. संध्याकाळी त्याच्या पोटावर फोड आले होते.

त्याच आठवड्यात ग्रामसभा झाली. इतकी माणसं मी ग्रामसभेला कधी पाहिली नव्हती. कुणी म्हणालं, गाड्या बंदच करा. सरपंच म्हणाले, बंद केल्या तर उद्या तूच माझ्या दारात येशील. बरीच आरडाओरड होऊन शेवटी ठरलं ते असं: बाहेरच्या गाडीने खाली माळावर थांबावं, तिथे लावायला फुकट. माळापासून कडा वीस मिनिटांची चाल, चालत जावं. गाडी घेऊनच गावठाणातून जायचं असेल तर शंभर रुपये द्यावेत. गावातल्यांना आणि गावात कुणाच्या घरी येणाऱ्यांना काही नाही. पैशाची हाव म्हणून नव्हतं ते. शंभर रुपये म्हटल्यावर माणूस गाडी खाली ठेवील, एवढाच हिशेब होता.

हे काम आमच्या बचत गटाला मिळालं. गटाचं लिहायचं-वाचायचं मीच बघायची, बारावी झालेली म्हणून, त्यामुळे पावतीपुस्तक माझ्याकडे आलं. आणि गाड्या अडवायला माझ्या थोरल्या जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं, मीही.

आक्का आणि मी एकाच घरात राहतो. घर एक, चुली दोन. माझ्यापेक्षा त्या पंधरा वर्षांनी मोठ्या. शाळा चौथीपर्यंत, अक्षरं लावताना अडखळतात, पण आकडे एकदम पक्के. कड्यावर बसून त्यांनी आठ वर्षं मक्याची कणसं भाजून विकली होती, त्यामुळे शहरातल्या माणसाला त्या बिचकत नसत. पंचायतीने आम्हाला दोन चमकणारी हिरवी जाकिटं दिली आणि एक शिट्टी. आक्कांचं जाकीट लुगड्यावर गुडघ्यापर्यंत यायचं. शिट्टी मात्र त्यांना फार आवडली. बाईमाणसाने शिट्टी वाजवावी याचं पहिले दोन दिवस गावाला हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून गाव त्या शिट्टीवर चालायला लागलं.

माळ संपतो तिथे आम्ही एक बांबू आडवा टाकला होता. एका टोकाला दगडांनी भरलेली गोणी, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी आक्कांच्या हातात. गाडी आली की त्या नंबर मोठ्याने वाचायच्या, मी पावतीवर लिहायची, पैसे घ्यायची, मग त्या दोरी सैल सोडायच्या आणि बांबू वर जायचा.

पहिले तीन-चार रविवार खरंच फरक पडला. लोक कुरकुरत का होईना माळावर गाडी लावायचे, छत्र्या उघडून चालत निघायचे. म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या. मग हळूहळू लोकांना शंभर रुपयांची सवय झाली. आणि त्यात एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. जो पैसे द्यायचा त्याला वाटायचं, रस्ता आता आपला. पूर्वी कुणाच्या ओट्यासमोर गाडी लावताना माणूस निदान विचारायचा, लावू का मावशी? आता म्हणायचा, पैसे भरलेत. देवळासमोर गाडी आडवी लावून बाटल्या उघडणाऱ्याला हटकलं तर तो पावती दाखवायचा. माझ्या हातची पावती.

नाक्यावर आम्ही काय काय ऐकलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. कुणी 'लुटारू' म्हणायचं, कुणी फोनवर आमचं चित्रण करत 'बघा, हे असं चालतं' असं सांगायचं. काहीजण शंभराची नोट खाली टाकायचे, म्हणजे आम्ही वाकून उचलावी. आक्का वाकायच्या नाहीत. नोट तिथेच राहायची आणि बांबूही तिथेच राहायचा. मग गाडीवाला उतरून स्वतः नोट उचलून हातात द्यायचा. आक्का मला म्हणायच्या, "बाय, कनसं इकताना बी म्या असंच केलं. हातात दिलं तर घ्यायचं."

तो ऑगस्टमधला रविवार होता, जोडून सुट्ट्या आल्या होत्या. सकाळपासून धुकं आणि बारीक पाऊस. सकाळी सातपासून आम्ही दोघी उभ्या होतो आणि दुपारचे दोन वाजले तरी डबा उघडायला फुरसत मिळाली नव्हती. गावातून दुधाचा टेम्पो खाली निघाला, त्याच्यासाठी आक्कांनी बांबू वर सोडला. टेम्पो गेला, आणि बांबू खाली यायच्या आत समोरच्या गाडीने नाक आत घातलं.

आक्का दोरी टाकून गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शिट्टी वाजवली. गाडी थांबली. नंबर वाचला, मी लिहिला. चालवणारा चाळिशीचा, शेजारी त्याची बायको, मागे एक थकलेले वडील. मी काचेपाशी गेले.

"साहेब, आत न्यायचे शंभर रुपये. खाली माळावर लावली तर फुकट."

"हा सरकारी रस्ता आहे. टोल घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"ग्रामसभेचा ठराव आहे."

"दाखवा."

ठरावाची प्रत कार्यालयात होती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या वडिलांचे गुडघे गेलेत. त्यांना वीस मिनिटं चालवत नेऊ का मी?"

इथे मी थांबले. म्हातारी माणसं असली तर काय करायचं, ते ग्रामसभेत कुणी बोललंच नव्हतं. मागे बसलेले आजोबा हात हलवून म्हणत होते, "राहू दे रे, मला नाही बघायचं काही." मी त्यांना जाऊ देणार होते. असं मी स्वतःला आजही सांगते, आणि बहुतेक ते खरंही असेल. पण मी बोलायच्या आत तो म्हणाला, "शंभर रुपये भीक म्हणून मागा, आत्ता देतो. टोल म्हणून एक रुपया देणार नाही."

सकाळपासूनचं सगळं माझ्या डोक्यात चढलं. मी मागे सरले आणि ओरडले, "आक्का, सोडायचं न्हाई हां याला!"

आक्कांनी बॉनेटवर हात ठेवला. मागे दहा-बारा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने गाडी इंचभर पुढे घेतली. तसं रोज कुणीतरी करायचं, घाबरवायला. आक्का एक पाऊल मागे गेल्या आणि तिथे पाय रोवून उभ्या राहिल्या. त्याची बायको म्हणाली, "अहो, द्या ना शंभर रुपये." त्याने आणखी इंचभर घेतली, आणि मग गाडीने एकदम उसळी मारली. पाय चुकून दाबला गेला की जाणूनबुजून, ते मला सांगता येणार नाही. त्याचा चेहरा मी पाहिला, तो घाबरलेला होता. आक्का दिसेनाशा झाल्या. तो घाबरून गाडी मागे घ्यायला लागला, मी किंचाळत होते तरी, आणि चाक दुसऱ्यांदा त्याच पायावरून गेलं.

एकशे आठला फोन केला. ते म्हणाले, गाडी निघाली आहे पण धरणाच्या फाट्याशी अडकली आहे, एक तास तरी धरा. माळावर दुसरी कुठली गाडी वळवायला जागा नव्हती. बांबूपलीकडे वळून निघू शकेल अशी तीच एक होती, म्हणून शेवटी आक्कांना त्याच गाडीत घातलं. वडील पुढे बसले, बायको मागे आली आणि तिने आक्कांचं डोकं मांडीवर घेतलं, मी पायाशी. पायाला तिची ओढणी बांधली होती. तो गाडी चालवत होता.

गाव ते लोणावळा सात किलोमीटर. आम्हाला दोन तास लागले.

वर येणाऱ्या गाड्यांची रांग संपत नव्हती आणि खाली जाणारी रांग हलत नव्हती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गटार. मी दोनदा खाली उतरून पावसात पुढच्या गाड्यांच्या काचा वाजवल्या. एका माणसाने काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाला, "सगळ्यांनाच घाई आहे, मावशी." दुसऱ्याने खरंच प्रयत्न केला, चाक गटारात गेलं, आणि त्यामुळे आणखी दहा मिनिटं गेली. माझ्या अंगावर ते हिरवं जाकीट होतं. काहींनी मला ओळखलं. सकाळी मी त्यांच्याकडून पैसे घेतले होते.

गाडीत वडील पुढे पुटपुटत होते, "मी म्हटलं होतं, राहू दे. मी म्हटलं होतं." तो आरशात बघून सारखा म्हणायचा, "मावशी, झोपू नका हां. मावशी, ऐकताय ना?" त्याच्या बायकोने आक्कांच्या कपाळावरचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून पावसाचं पाणी बाजूबाजूने टिपलं, ते मला अजून दिसतं. आक्का एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "माजी शिट्टी कुटं पडली?" नंतर त्यांचे डोळे मिटले.

दवाखान्यात तोच धावला. स्ट्रेचर त्यानेच ओढत आणलं, पैसे त्यानेच भरले. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "नाक्यावर पावसात पाय घसरला, चाकाखाली आल्या." बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

तासाभराने हवालदार आले. त्यांनी मलाच विचारलं, कारण बघितलेली मी. वही उघडून शांतपणे बसले होते ते, घाई करत नव्हते. मी जे सांगितलं असतं तेच त्यांनी लिहिलं असतं. मी म्हणाले, "व्हय. घसरल्या."

का म्हणाले, याची मी नंतर बरीच कारणं जमवली. तो पैसे भरत होता. खरं सांगितलं तर निघून जाईल अशी भीती वाटली. भावजी, म्हणजे आक्कांचे मालक, अजून पोहोचले नव्हते. घरच्या माणसांना विचारल्याशिवाय कसं बोलू, असंही वाटलं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण सगळ्यात खालचं कारण वेगळं होतं. गाडी अंगावर घातली असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, त्या गाडीसमोर उभ्या का राहिल्या? आणि मग माझं ओरडणं बाहेर पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरपंच आले, भावजी होतेच. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून बोलणं झालं. सरपंच म्हणाले, "ठराव हाय आपला, पर वरची मंजुरी आजून न्हाई आलेली. केस उभी ऱ्हायली तर पैल्यांदा आपल्यालाच इचारत्याल. पावत्या कुनी फाडल्या? सही कुनाची?"

सही माझी होती. भावजी भिंतीला टेकून उभे होते. ते ज्या बंगल्याची राखण करतात तिथे त्या दिवशीही पाहुणे होते, दोनदा फोन येऊन गेला होता. ते म्हणाले, "मानूस खर्च करतोय समदा. पळून गेला न्हाई. आनखी काय पायजे?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बोललीस त्ये बरं बोललीस."

चौथ्या दिवशी तळेगावच्या बाजूला मोठ्या दवाखान्यात आक्कांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. लवकर आणलं असतं तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं ठाम सांगता येत नाही. मला त्यांनी ठाम काहीतरी सांगायला हवं होतं, कुठलंही.

त्या माणसाने शब्द पाळला. सगळा खर्च दिला. तीनदा भेटायला आला, एकदा बायकोला घेऊन. आक्कांच्या पायाशी, म्हणजे पाय होता त्या जागेशी, फळांची पिशवी ठेवून बसायचा. नंतर तो यायचा थांबला. मी त्याला राक्षस म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं.

नाका पुढच्या रविवारीच बंद झाला. बांबू कुणीतरी गोठ्याला वापरला. गाड्या पुन्हा सरळ आत यायला लागल्या.

आक्का घरी आल्या तेव्हा भातं पोटरीला आली होती. आमच्या घराचे उंबरे उंच आहेत. पहिले महिने त्या बसून सरकायच्या, हातांवर जोर देऊन, आणि चुलीपाशी जायच्या. मी स्वयंपाक करते म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. पुढे एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. तो उन्हाळ्यात चालतो; पावसाळ्यात कातडी ओली राहते आणि घासून जखम होते, म्हणून मग कुबड्या. शेताला त्या पुन्हा गेल्या नाहीत. कड्याला तर नाहीच.

गावात एकच गोष्ट पसरली: आक्का घसरल्या. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, एवढ्या पावसात कशाला उभं ऱ्हायचं? या वयात झेपतं का? नातेवाईक म्हणायचे, आधार धरून उभं राहायला हवं होतं. आक्का ऐकायच्या. होही म्हणायच्या नाहीत, नाहीही म्हणायच्या नाहीत. त्या माझ्याशी वाईट वागल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तसंही काही नव्हतं. मीठ संपलं की माझ्या चुलीवरून न्यायच्या, माझ्या मुलीची वेणी घालायच्या. फक्त त्या दिवसाचं कधी बोलायच्या नाहीत.

दीड वर्षाने, एका दुपारी, तालुक्याहून दोन बाया बचत गटांची माहिती घ्यायला आल्या. त्यांनी आक्कांच्या पायाबद्दल विचारलं. भावजी ओट्यावर होते, त्यांनी परस्पर उत्तर दिलं, "पावसात घसरली." त्या बायांनी चुकचुक केली, चहा घेतला, गेल्या. भावजीही उठून बंगल्यावर गेले. आम्ही दोघी पावटे सोलत होतो.

आक्का म्हणाल्या, "म्या घसरले न्हाई."

माझे हात थांबले.

"न्हाई घसरले म्या," त्या पुन्हा म्हणाल्या. रागावून नाही, पावटे सोलता सोलता. "मी उभी हुते."

मग मी सगळं सांगितलं. हवालदारांना काय बोलले, जिन्यात काय बोलणं झालं, सही माझी होती ते. आणि शेवटी सांगितलं की त्या दिवशी मीच ओरडले होते, सोडायचं न्हाई म्हणून. माझ्या सांगण्यावरून त्या उभ्या राहिल्या. सांगताना मी रडत होते. आक्का रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"तू वरडलीस व्हय? मला न्हाई आयकू आलं."

"आक्का, मी मोठ्यानं ओरडले होते."

"आसशील. मला हारन आयकू येत हुते. आन् त्यो भीक म्हनला, त्ये आयकलं. मी माज्या मनानं उभी हुते." त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "पाय गेला, त्याचं आता काय करनार? पर जो येतो त्यो म्हनतो घसरली. म्हातारी हुती, पावसात घसरली. घसरली आन् उभी ऱ्हायली, यात काय फरक हाय का न्हाई? तूच सांग, तू शिकलेली."

त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं, की माझं ओझं उतरवायला त्या तसं म्हणाल्या, हे मला कळलेलं नाही. विचारायचीही हिंमत झाली नाही. पण ओझं उतरलं नाही एवढं नक्की. आतापर्यंत मला वाटत होतं, मी त्यांचा पाय घालवला. आता कळलं की त्यांच्या मते पाय त्यांनी स्वतः घालवला होता, एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्टच मी हवालदारांच्या वहीतून काढून टाकली होती.

जबाब बदलायचा, असं मी घरात बोलले तेव्हा माझा नवरा म्हणाला, "मढं उकरून काय मिळणार?" भावजी ताटावरून उठले. मी एका मंगळवारी लोणावळ्याहून लोकल धरून वडगावला गेले. कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली वकील बसतात, त्यातल्या एकांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, हे प्रकरण केव्हाच मिटलंय. पेशंटचा खर्च मिळाला, तक्रार नाही. आता तुम्ही काय लिहून देताय? की तुमचा आधीचा जबाब खोटा होता. उद्या उलटलं तर तुमच्यावर उलटेल, त्याच्यावर नाही."

"लिहा," मी म्हणाले.

"कशासाठी, ते तरी सांगा."

आक्का उभ्या होत्या, एवढंच मी म्हणाले. त्यांनी खांदे उडवले आणि शेजारच्या टायपिस्टला बोलावलं. त्याने सवयीने 'पाय घसरून अपघात' असंच टाइप केलं होतं. मी ते वाचलं आणि पान पुन्हा करायला लावलं. प्रतिज्ञापत्र झालं, अर्ज दिला, एका प्रतीवर पोच घेतली. काही महिन्यांनी एकदा बोलावणं आलं. समोरच्या साहेबांनी कागद चाळला आणि विचारलं, "आता तुमची अपेक्षा काय आहे?"

"काही नाही. हे त्या कागदांना जोडून ठेवा."

"ठेवतो," ते म्हणाले. ठेवलं असेल. त्यानंतर काही झालं नाही.

अर्ज दिला त्या संध्याकाळी मी आक्कांना प्रत वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मध्येच डोळे उघडले.

"गाडी पांढरी लिवलीस?"

"हो. पांढरीच होती ना?"

"पांढरी कुटं? राखाडी हुती."

मी त्या गाडीत दोन तास बसले होते. मला ती अजूनही पांढरी आठवते. पण आक्का म्हणाल्या, माज्या अंगावरनं गेली, मला म्हाईत. मी पुन्हा वडगावला गेले नाही. खरं म्हणून दिलेल्या कागदातही बहुधा एक चूक राहिली.

भावजी माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचा चहा घेत नाहीत. गावात आता पुन्हा नाका आहे. मंजुरी आली, ठेका बाहेरच्या माणसाला गेला. लोखंडी अडसर आहे, फोनवर पैसे घेतात, दर वाढवलाय. शनिवारी सकाळपासून माळापर्यंत रांग लागते आणि सगळे पैसे भरून आत येतात. माळावर आता कुणी गाडी लावत नाही. आक्का शुक्रवारी रात्रीच आपली खुर्ची ओट्यावरून आत ओढून घेतात.

परवा नळावर पाणी भरताना शेजारच्या आळीतली एक सून, नवीनच आलेली, मला म्हणाली, "आक्का घसरल्या तवा तुमीच हुता ना तितं?"

"त्या घसरल्या नव्हत्या," मी म्हणाले. "त्या गाडीसमोर उभ्या होत्या."

"त्येच वो," ती म्हणाली, आणि हंडा उचलून गेली.